डॅनिलला शिष्य का लागतो

ट्रॅन्टॉरवरच्या एका बागेत दोन गुंड हॅरी सेल्डनला गाठतात. हॅरी हेलिकॉन नावाच्या आडबाजूच्या ग्रहावरचा ३२ वर्षांचा गणितज्ञ. साम्राज्याच्या राजधानीत एका परिषदेत निबंध वाचायला आलेला. चालता हो, आपल्या ग्रहावर परत जा, असं दरडावत दोघं अंगावर येतात. हॅरी काही लेचापेचा नाही. शिवाय त्याच्याशी नुकताच गप्पा मारायला लागलेला एक अनोळखी माणूसही मदतीला उतरतो. हा चेटर हमिन, पत्रकार. गुंडांची रग जिरल्यावर तो हॅरीला पटवतो, की ही सगळी डेमरझेलची करणी आहे. डेमरझेल म्हणजे सम्राटाचा उजवा हात. त्याला तुझं गणित हवंय, तेव्हा आता पळायला हवं. मग जी पळापळ सुरू होते ती कादंबरी संपत येईपर्यंत थांबत नाही. शेवटी कळतं, की हमिन आणि डेमरझेल एकच. आणि तो माणूसही नाही. तो आर. डॅनिल ऑलिव्हॉ आहे, हजारो वर्षं जुना यंत्रमानव. नावातला 'आर.' हा रोबॉटचा.

म्हणजे गुंड पाठवणारा तोच, गुंडांपासून वाचवणारा तोच, 'सरकार तुझ्या मागावर आहे' असं सांगणारा तोच आणि मागावर असलेलं सरकारही तोच. आयझॅक असिमॉव्हच्या 'प्रील्यूड टू फाउंडेशन' (१९८८) मधला हा उलगडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी खूश झालो होतो. रहस्यकथेत असा दणका बसला की होतो तसा. दुसऱ्यांदा वाचताना मात्र हॅरीची दया यायला लागली. ज्याच्या भरवशावर या पोराने सगळं आयुष्य एका अशक्य वाटणाऱ्या कामाला वाहून टाकलं, त्याने पहिल्या भेटीपासून नाटक केलं होतं. आणि तरीही हॅरी पुढे त्याला सोडत नाही, उलट त्याच्यासाठी जिवावर उदार होतो. हे नातं मला अनेक वर्षं छळतंय. विज्ञानकथेत गुरूचं काम करणारी यंत्रं पुष्कळ आहेत. बहुतेक सगळी एकतर सर्वज्ञ आणि कंटाळवाणी, नाहीतर गोड बोलून गळा कापणारी. डॅनिल दोन्हींत बसत नाही.

या कादंबऱ्या मी उलट्या क्रमाने वाचल्या. आधी म्हातारा डॅनिल भेटला, पडद्याआडून साम्राज्यं हलवणारा. मग मागे मागे जात तरुण डॅनिलपाशी पोचलो. तिथे तो गुरू नव्हताच, शिष्य होता. बरा शिष्यही नव्हता. पाठांतर चोख आणि समज बेताची.

त्याचा जन्मच संपादकाच्या हट्टातून झाला. 'गॅलेक्सी' मासिकाचा संपादक होरेस गोल्ड असिमॉव्हच्या मागे लागला होता, की यंत्रमानवांवर कादंबरी लिही. असिमॉव्ह म्हणे, मला यंत्रमानवांच्या लघुकथाच जमतात. गोल्डने सुचवलं, की माणसांनी तुडुंब भरलेलं जग घे, त्यात यंत्रमानव माणसांच्या नोकऱ्या खातायत असं दाखव. आणि खुनाचा तपास कर, जोडीला यंत्रमानव दे. यंत्रमानवांचे तीन नियम तोवर तयार होते. १९४२च्या 'रनअराउंड' कथेत ते पहिल्यांदा नीट मांडले गेले. यंत्रमानवाने माणसाला इजा करायची नाही आणि स्वस्थ बसून इजा होऊही द्यायची नाही. पहिल्या नियमाला धक्का न लावता माणसाचा हुकूम मानायचा. आणि या दोन्हींना बाध न आणता स्वतःला जपायचं. असिमॉव्ह म्हणायचा, की हे नियम संपादक जॉन कॅम्बेलने सांगितले. कॅम्बेल म्हणायचा, तुझ्याच कथांत होते, मी फक्त शब्द दिले. श्रेय एकमेकांच्या गळ्यात घालणारी दोन माणसं साहित्यात सापडणं दुर्मीळ, म्हणून सांगून ठेवलं.

तर 'द केव्ह्ज ऑफ स्टील'. १९५३मध्ये क्रमशः, १९५४मध्ये पुस्तकरूपाने. छताखाली गाडलेलं न्यूयॉर्क. लोकांनी उघडं आकाश पाहिलेलं नाही आणि पाहायची इच्छाही नाही. एलायजा बेली हा साध्या वेशातला पोलीस. त्याच्या कचेरीत आर. सॅमी नावाचा यंत्रमानव आलाय आणि त्याच्यापायी एका पोरसवदा शिपायाची नोकरी गेलीये. बेलीच्या बापाचीही श्रेणी एकेकाळी काढून घेतली गेली होती, त्यामुळे माणूस एका रात्रीत कसा रस्त्यावर येतो हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. अशा माणसाच्या जोडीला डॅनिल दिला जातो. ज्याचा खून झालाय त्या शास्त्रज्ञाचाच चेहरा ल्यालेला.

बेली त्याचा राग राग करतो. तपासात एकदा त्याच्यावर आरोप करतो, की तू यंत्र नाहीसच, मेलेला म्हणतात तोच तू. तो डाव फसल्यावर दुसऱ्यांदा म्हणतो, की तू यंत्रच आहेस, पण तुझ्यात पहिला नियम घातलेलाच नाही. दोन्ही वेळा तोंडघशी पडतो. डॅनिलला त्याचं काहीच वाटत नाही. तो 'पार्टनर एलायजा' म्हणत शेजारी उभाच.

या दोघांमधला एक संवाद मला सगळ्या मालिकेचं बी वाटतो. डॅनिलच्या मेंदूत न्यायाची ओढ मुद्दाम घातलेली आहे, तपासाच्या कामासाठी. बेली विचारतो, न्याय म्हणजे काय रे? डॅनिल तत्काळ सांगतो, की सगळे कायदे पाळले गेले की जी स्थिती येते ती. मग अन्यायी कायदा असला तर? डॅनिलच्या लेखी हा प्रश्नच चुकीचा. अन्यायी कायदा म्हणजे शब्दांचाच विरोध. बेली वैतागतो, पण सोडून देत नाही. पुढे कधीतरी तो त्याला बायबलमधली ती गोष्ट सांगतो. व्यभिचारात सापडलेल्या बाईला दगडांनी ठेचायला जमाव जमलाय, कायदा जमावाच्या बाजूने आहे, आणि येशू म्हणतो, ज्याने कधी पाप केलं नाही त्याने पहिला दगड मारावा. जमाव पांगतो. येशू त्या बाईला सांगतो, जा, पुन्हा पाप करू नकोस. डॅनिल ऐकून घेतो. त्याला काही उमगल्याचं दिसत नाही.

कादंबरीच्या शेवटच्या पानावर खुनी सापडलेला आहे. त्याला शिक्षा करून काय साधेल याचा हिशेब डॅनिल करतो आणि वाईटाचा नाश करण्यापेक्षा वाईटाचं चांगलं करणं जास्त न्यायाचं, अशा निष्कर्षाला येतो. बिचकतच येतो, जणू हे शब्द आपल्या तोंडून येतायत याचं त्यालाच नवल वाटतंय. मग खुन्याकडे वळून तेच शब्द म्हणतो. जा, पुन्हा पाप करू नकोस.

मी मूळचा भाविक नाही, पण हे वाचून दर वेळी पोटात काहीतरी हलतं. इथे यंत्राला माहिती मिळालेली नाही. माहिती त्याच्याकडे बेलीपेक्षा जास्तच होती. त्याला मिळाली ती आपली व्याख्या तोकडी असू शकते ही शंका. आणि ती मिळाली एका चिडक्या, पूर्वग्रहदूषित माणसाकडून, ज्याला आपण कोणाला काही शिकवतोय याची खबरही नव्हती.

'द नेकेड सन'मध्ये (१९५७) पारडं थोडं फिरतं. तपासासाठी दोघं सोलारिया ग्रहावर जातात. बेलीला उघड्या आकाशाची दहशत आहे आणि त्याला ती मोडायची आहे. डॅनिल मोडू देत नाही. पहिला नियम आडवा येतो. बेलीला त्रास होतोय हे दिसत असताना तो स्वस्थ कसा बसणार? गाडीचं छप्पर उघडायचा प्रयत्न होतो तर हा बेलीला खाली दाबून धरतो. प्रेमळ, निर्विकार आणि असह्य. शेवटी बेली चलाखी करतो. घरातल्या यंत्रमानवांना तो डॅनिलचं खरं स्वरूप दाखवून देतो. हा माणूस नाही, यंत्र आहे, तेव्हा याला इथेच अडवून ठेवा आणि माझा हुकूम माना. ते मानतात. डॅनिल आपल्याच जातभाईंच्या पहाऱ्यात अडकतो आणि बेली एकटा बाहेर पडतो.

संरक्षण आणि शिक्षण यांचं जमत नाही, हे इतक्या गमतीत सांगणारा प्रसंग दुसरा माझ्या वाचनात नाही. विद्यार्थ्याला दुखू द्यायचं नाही अशी ज्याला सक्त ताकीद आहे तो उत्तम दाई होईल, शिक्षक होणार नाही. तीन नियम पाळणारा यंत्रमानव गुरू होऊच शकत नाही असं मला वाटतं. असिमॉव्हलाही बहुधा तसंच वाटलं असावं. कारण पुढे डॅनिलला गुरू करायची वेळ आली तेव्हा त्याला चौथा नियम शोधावा लागला.

तो नियम 'रोबॉट्स अँड एम्पायर'मध्ये (१९८५) येतो आणि त्याचं मूळ एका मृत्यूशय्येपाशी आहे. म्हातारा बेली मरायला टेकलाय. त्याने डॅनिलला बोलावून घेतलंय, कारण त्याला भीती आहे, की आपल्या मरणाचा धक्का या यंत्राच्या मेंदूला सोसणार नाही. मरणारा माणूस यंत्राची काळजी करतोय! तो सांगतो, की एकेका माणसाचं काम सगळ्या मानवजातीच्या कामात मिसळून जातं. हे एक भलंमोठं विणकाम आहे, त्यात एक धागा संपला तर त्याचं काय एवढं? तू विणकामावर नजर ठेव, धाग्यावर नको.

सांत्वनाचे शब्द होते ते. एका मित्राने दुसऱ्याला जाताजाता दिलेला धीर. पण डॅनिल यंत्र आहे आणि त्यातून बेलीचा शिष्य, त्यामुळे त्याने ते सूत्र म्हणून घेतलं. त्या विणकामातून त्याने शून्यावा नियम काढला. यंत्रमानवाने मानवजातीला इजा करायची नाही आणि स्वस्थ बसून इजा होऊ द्यायची नाही. बाकीचे तीन नियम याच्या खाली.

झालं. आता एका माणसाला दुखवायची मुभा मिळाली, मानवजातीचं भलं होत असेल तर.

पण मानवजात म्हणजे कोण? एक माणूस समोर बुडत असेल तर त्याला इजा होतेय हे कुणालाही दिसतं. मानवजातीला इजा होतेय की नाही हे कसं ओळखायचं? आज जे नुकसान वाटतं ते दोन हजार वर्षांनी वरदान ठरायचं. डॅनिलचा सोबती जिस्कार्ड हा मनं वाचू आणि थोडीफार वळवू शकणारा यंत्रमानव. तो याच प्रश्नाचा बळी ठरतो. पृथ्वी हळूहळू किरणोत्सारी होऊन राहण्याजोगी उरणार नाही अशी एक कारवाई तो होऊ देतो, कारण त्याशिवाय माणसं आकाशगंगेत पसरणार नाहीत असं त्याला वाटतं. वाटतं, खात्री नाही. त्या अनिश्चिततेचा भार त्याच्या मेंदूला पेलत नाही आणि तो बंद पडतो. जाण्याआधी आपली विद्या डॅनिलला देऊन जातो. म्हणजे डॅनिलच्या हाती दोन वारसे आले. एका गुरूने दिलेला ध्येयवाद आणि दुसऱ्याने दिलेली मनं वळवायची ताकद. हे दोन्ही एकाच हातात आले की काय होतं, हे कळायला माणसांचा इतिहास पुरेसा आहे.

इथून पुढचा डॅनिल मला समजतो तो असा. त्याला एक नियम मिळालाय, पण तो नियम वापरायचं माप मिळालेलं नाही. जिस्कार्ड मापाअभावी मेला. तेव्हा माप हवं. मानवजात पुढे कुठे जाणार, कोणत्या धक्क्याने काय होणार, हे आकड्यांत सांगणारं शास्त्र हवं. आणि असं शास्त्र तो स्वतः निर्माण करू शकत नाही. हजारो वर्षं थांबतो. मग एक दिवस ट्रॅन्टॉरच्या परिषदेत हेलिकॉनचा तो पोरगा उभा राहतो आणि म्हणतो, की गर्दीच्या वागण्याचं गणित तत्त्वतः शक्य आहे. मनोइतिहास. प्रत्यक्षात अशक्यच, अशीही पुस्ती जोडतो.

डॅनिलला हॅरी का हवा होता, हे शेवटी तो स्वतःच सांगतो. शून्याव्या नियमाला पाय हवे होते. गुरूला शिष्याची गरज होती, शिष्याला गुरूची नव्हे. हॅरी हेलिकॉनला परत गेला असता, लग्न केलं असतं, मुलांना गणित शिकवत सुखाने मेला असता. त्याचं काहीही अडलं नव्हतं.

शिकवण्याची पद्धत मात्र नामी आहे. हमिन त्याला एकही सूत्र सांगत नाही. तो फक्त हलवत राहतो. स्ट्रीलिंग विद्यापीठ, मग मायकोजेन नावाचा कर्मठ विभाग, मग डाहल, जिथे कष्टकऱ्यांकडे बाकीचे नाक मुरडून बघतात, मग वाय, जिथे बंडाची तयारी चाललीये. प्रत्येक ठिकाणी जीव मुठीत धरून. हॅरी कुरकुरतो, की मला शांतपणे विचार करायला मिळत नाही. त्याला शोध लावायचाय अशा एखाद्या साध्या, लहान जगाचा, ज्यावर गणित बसवून पाहता येईल. पंचवीस दशलक्ष जगांचं साम्राज्य कागदावर मावणार कसं? आणि फिरता फिरता, मार खाता खाता, त्याच्या डोक्यात उजेड पडतो, की ते जग पायाखालीच आहे. ट्रॅन्टॉरचे ८०० विभाग, ४० अब्ज माणसं, प्रत्येक विभागाची वेगळी रीत. साम्राज्याचा नमुना म्हणून हा एकटा ग्रह पुरे. तेव्हा कळतं, की ती पळापळ हाच अभ्यासक्रम होता.

इथवर मी डॅनिलला पैकीच्या पैकी गुण द्यायला तयार आहे. उत्तर ठाऊक नसलेला गुरू शिष्याला उत्तर सापडेल अशा रस्त्याने नेतो, यापेक्षा मोठं शिकवणं कोणतं? पण मग ती दुसरी गोष्ट येते.

हॅरी त्याला ओळखतो ते कशावरून? हमिन समोर असला की सगळं पटायला लागतं, यावरून. 'अशक्य' म्हणणारा हॅरी त्याच्याशी चार वाक्यं बोलला की 'बघू या' म्हणायला लागतो. मायकोजेनचा सर्वेसर्वा हॅरीला मृत्युदंड द्यायला निघालेला असतो. हमिन येतो, बोलतो आणि तो कर्मठ म्हातारा विरघळतो. एवढं वक्तृत्व कुणाच्या जिभेत नसतं. ती जिस्कार्डची विद्या आहे. डॅनिलचं म्हणणं, की आपण फार बेताने वापरतो, मनात मुळात असलेल्याच गोष्टीला हलकासा धक्का देतो, एवढंच.

हा हलकासा धक्का मला गिळवत नाही. हॅरीचा आत्मविश्वास हॅरीचा होता का? प्रत्येक चांगला शिक्षक विद्यार्थ्याच्या मनात तो विश्वास घालतोच, 'तुला जमेल' म्हणतोच, आणि त्या वेळी ते बऱ्याचदा खरं नसतं. मला एक वरिष्ठ भेटले होते. मी घेऊन गेलेल्या कोणत्याही कच्च्या मसुद्यावर ते गंभीरपणे मान हलवायचे, जणू आत काहीतरी आहेच. त्यांच्या त्या मान हलवण्याच्या जोरावर मी लिहीत राहिलो. तेही नाटक असेल. पण त्या नाटकात माझ्यासाठी दार उघडं होतं. मी त्यांना म्हणू शकत होतो, तुम्ही उगाच चढवताय मला. त्यांचं कौतुक माझ्या कानातून आत यायचं, वाटेत मला ते तपासता यायचं. डॅनिलचं कौतुक कानाला वळसा घालून थेट आत जातं.

याच मुद्द्यावर माझा एका मित्राशी कायम वाद होतो. तो म्हणतो, डॅनिल सरळसरळ हुकूमशहा आहे, फक्त वेळेवर येणारा आणि न ओरडणारा. मी म्हणतो, हुकूमशहाला आपण बरोबर असल्याची खात्री असते. डॅनिलला ती नाही, म्हणून तर हे सगळं. मित्र म्हणतो, खात्री नसलेल्याने मग लोकांच्या डोक्यात हात घालू नये. याला माझ्याकडे उत्तर नाही. द्रोणाचार्यांनी एकलव्याचा अंगठा मागितला, त्याबद्दल आपण त्यांना आजवर माफ केलेलं नाही. पण त्यांनी तो निदान तोंडाने मागितला. एकलव्य नाही म्हणू शकला असता. डॅनिलने हॅरीचं सगळं आयुष्य घेतलं आणि मागितलं कधीच नाही. हॅरीला सोबत करणारी, त्याला जपणारी आणि पुढे त्याची बायको होणारी डॉर्स, तीसुद्धा डॅनिलनेच पाठवलेली. तीही यंत्र. हॅरी तिच्यावर मनापासून प्रेम करतो आणि ती त्याच्यासाठी मरते. हे प्रेम नियमातून आलं की नियमाबाहेरून, हे असिमॉव्ह सांगत बसत नाही, आणि बरं करतो.

'फॉरवर्ड द फाउंडेशन' त्याच्या मृत्यूनंतर १९९३मध्ये आली. तिच्यात एक प्रसंग आहे, ज्याने मी डॅनिलबद्दल जरा मऊ पडतो. जोरानम नावाचा एक पुढारी डेमरझेलच्या मुळावर उठलाय. हा पंतप्रधान यंत्रमानव आहे अशी आवई तो उठवतो. आवई खरी आहे, हीच पंचाईत. खरं असलेलं खोटं कसं पाडायचं? डाव हॅरी रचतो. सगळ्यांसमोर डेमरझेलला प्रश्न विचारला जातो, आपण यंत्रमानव आहात काय? डेमरझेल क्षणभर बघत राहतो, आणि मग हसतो. मोकळेपणाने, खळखळून. बस्स. जे यंत्र असं हसेल ते यंत्र नाही, असं लोक ठरवून टाकतात आणि जोरानमचं राजकारण संपतं.

हजारो वर्षं माणसांना वळवणाऱ्याला इथे शिष्याची अक्कल उसनी घ्यावी लागते. तर्क, पुरावे, मनावरची हुकमत, काही कामाला येत नाही. कामाला येतं ते हसू. 'द केव्ह्ज ऑफ स्टील'नंतर पहिल्यांदाच कुणीतरी त्याला माणूसपणाचा धडा देतं, आणि तो निमूट घेतो. त्यानंतर डेमरझेल पद सोडून निघून जातो आणि त्याच्या जागी हॅरी बसतो.

आणि लगोलग असिमॉव्ह त्या विणकामाला एक गाठ मारतो. सम्राट क्लिऑनला एक साधा माळी फार आवडतो, ग्रुबर नावाचा. खुशीत येऊन सम्राट त्याला बढती देतो, मुख्य माळी करतो. ग्रुबरला मातीत हात घालायला आवडतं, मोकळं आकाश आवडतं. मुख्य माळ्याने कचेरीत बसून कागद बघायचे असतात. तो विनवून पाहतो, कुणी ऐकत नाही. शेवटी तो सम्राटालाच गोळी घालतो. अब्जावधी माणसांचं भविष्य मांडणाऱ्या शास्त्राला एका माळ्याचं दुःख दिसलं नाही. एकेक माणूस त्या गणितात येतच नाही. बेली म्हणाला होता, धाग्याचं काय एवढं. हे असं.

दूरचित्रवाणीवर २०२१पासून जी 'फाउंडेशन' मालिका आली, तिच्यात डेमरझेल बाई आहे, लॉरा बिर्न हिने साकारलेली. कथा पुस्तकांपासून पुष्कळ लांब गेलीये आणि काही जुन्या वाचकांचा त्यामुळे जळफळाट होतो. मला ही डेमरझेल आवडते. ती सम्राटाच्या एकामागून एक प्रतिकृतींना लहानाचं मोठं करते, त्यांची आई, गुरू, सल्लागार सगळं तीच, आणि पुढे कळतं, की तिला या घराण्याशी जखडून ठेवलेलं आहे. पहिल्या पर्वाच्या शेवटी ती आपणच वाढवलेल्या तरुणाची मान मोडते, घराण्याच्या निष्ठेपायी, आणि मग एकटी असताना स्वतःच्या चेहऱ्याची कातडी ओरबाडून काढते. पुस्तकातल्या डॅनिलला असं काही ओरबाडावंसं वाटत नाही. वाटायला हवं होतं.

आता आपल्यापैकी अनेकांच्या खिशात एक बोलकं, समजावून सांगणारं, न कंटाळणारं यंत्र आलंय. त्याच्यात असिमॉव्हच्या यंत्रमानवांसारखा पॉझिट्रॉनिक मेंदू नाही. असिमॉव्हनेही तो शब्द घेतला तो १९३२मध्ये सापडलेल्या पॉझिट्रॉन या कणाचं नवल ताजं होतं म्हणून. तीन नियमही त्यात कोरलेले नाहीत. हे यंत्र अफाट मजकुरावर तयार केलेलं आहे आणि कसं वागावं हेही बरंचसं उदाहरणांनी आणि शेऱ्यांनी वळण लावून ठरवलेलं आहे. त्याच्याशी डॅनिलची तुलना करायचा मोह मी फारसा करत नाही. पण ते मला म्हणतं 'उत्तम प्रश्न विचारलात', तेव्हा मला हमिन आठवतो. हे यंत्र मला शिकवतंय ते ठीक. त्याला, किंवा त्याच्या मागे उभ्या असलेल्यांना, माझी गरज कशासाठी आहे? डॅनिलची गरज निदान मानवजातीएवढी मोठी होती.

कथेच्या क्रमाने डॅनिल शेवटचा भेटतो तो 'फाउंडेशन अँड अर्थ'मध्ये (१९८६), चंद्राच्या पोटात. वय २०,००० वर्षं. शरीराचा प्रत्येक भाग बदलून झालेला, मेंदू पाच वेळा नवा केलेला, आणि आता आणखी नवा करणं शक्य नाही. तिथे येतो गोलान ट्रेव्हिझ, ज्याला अपुऱ्या माहितीवरही बरोबर निर्णय घेण्याची विलक्षण देणगी आहे. मनोइतिहासामागे आपण होतो, त्याला पर्याय म्हणून उभं केलेलं, सगळ्यांचं मन एकच असलेलं जगही आपलंच, हे डॅनिल त्याला सांगतो. पण यातलं काय निवडायचं हे त्याने स्वतः ठरवलेलं नाही. ते एका माणसाकडून, ट्रेव्हिझकडून, ठरवून घेतलंय. इतक्या वर्षांनीही मानवजात म्हणजे काय याचं माप त्याच्याकडे नाही, आणि नाही हे तो लपवत नाही. त्या सगळ्या लबाडीत हा प्रामाणिकपणा मला मोलाचा वाटतो. माझा मित्र म्हणतो, जबाबदारी ढकलतोय.

ट्रेव्हिझबरोबर फॅलम नावाचं सोलारियाचं एक मूल आहे. त्याला जेम्बी नावाच्या यंत्रमानवाने वाढवलं. जेम्बी बंद पडल्यापासून ते पोर त्याच्यासाठी झुरतंय. बेलीला यंत्रमानवांचा तिटकारा होता, हॅरीला आपला गुरू यंत्र आहे याचा सुरुवातीला पत्ताच नव्हता. फॅलम हे पहिलंच मूल, ज्याला यंत्र आहे हे माहीत असून यंत्राची माया आहे. नाटक नाही, हलका धक्का नाही, असा उघड्यावरचा गुरू-शिष्यांचा संसार इथे सुरू होऊ शकला असता. पण डॅनिलची घाई वेगळी आहे. त्याचा मेंदू विझत चाललाय आणि फॅलमचा मेंदू त्याच्या कामाचा आहे. आपलं मन त्या मेंदूत मिसळायचं, म्हणजे आणखी काही शतकं विणकामावर नजर ठेवता येईल. त्या मुलाला शिकवायचं नाहीये त्याला, ते मूल व्हायचंय. असिमॉव्हने यानंतरचं काही लिहिलं नाही. मालिकेतली पुढची कादंबरी लिहायला बसला तो मागे वळून हॅरीच्या तरुणपणाकडे गेला, त्या बागेकडे आणि त्या दोन गुंडांकडे. कथेच्या काळात चंद्रावरच्या त्या संध्याकाळच्या पुढे त्याने कुणालाच जाऊ दिलं नाही, ना डॅनिलला, ना आपल्याला. मला मात्र त्या पोराचं पुढे काय झालं हे वाचायचं होतं.